कोरडवाहू झाडांच्या नोंदी: दोन एकर, चार वर्षं

१४ मार्च २०२१

आज चार ठिकाणी खड्डे घेऊन जमीन पाहिली. माथ्याकडे जेमतेम एक फूट माती, खाली मुरूम. मधल्या पट्ट्यात दीड फूट. पायथ्याला जुन्या विहिरीजवळ तीन फुटांपर्यंत माती, आणि तिथला मुरूमही पहारीनं सहज सुटतो. चार फुटांच्या आत सलग खडक कुठेच लागला नाही. माझ्यासाठी आजची सगळ्यात मोठी बातमी हीच. मुरमाच्या भेगांतून मुळं खाली उतरतात, खडकातून नाही. खडक लागला असता तर झाडांचा विषय आजच सोडून दिला असता.

२१ मार्च २०२१

पावसाचा हिशेब. वडिलांच्या वहीत बावीस वर्षांचे आकडे आहेत. सरासरी ५१० मिलिमीटर, सर्वांत वाईट वर्ष २८०. दादा म्हणाला, "सरासरी धर." मी २८० धरणार आहे. मूग-मटकी असती तर सरासरी चालली असती, कारण वाईट वर्षी पेरणी टाळता येते. झाड लावलं की तो मार्ग बंद. ते दरवर्षी पाणी मागणार, आणि एका वर्षी मिळालं नाही तर मागची दहा वर्षंही त्याच्यासोबत जाणार.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. दोन एकर म्हणजे साधारण ८,०९० चौरस मीटर, म्हणजे २८० मिलिमीटरच्या वर्षीसुद्धा साडेबावीस लाख लिटर पाणी या रानावर पडतं. यातलं बरंच उडून जाणार, काही वाहून जाणार. तरीही विहिरीतून आपण कधी एवढं उपसलेलं नाही. मग प्रश्न उरतो तो एकच: हे पाणी किती झाडांत वाटायचं?

ट्युनिशियातल्या स्फॅक्स भागात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथे ऑलिव्हच्या जुन्या बागा कोरडवाहू उभ्या आहेत. दोन झाडांत अंतर २४ मीटर, हेक्टरी सतराच झाडं. एका झाडाच्या वाट्याला ५७६ चौरस मीटर जमीन, म्हणजे एक लाख पंधरा हजार लिटर पाऊस. मधली जमीन नांगरून मोकळी, तणाचं एक पातं नाही. पाहणाऱ्याला वाटेल किती जागा वाया गेली. त्या मोकळ्या जागेनंच झाडाला पाणी दिलेलं असतं.

२ एप्रिल २०२१

कोणती झाडं, यावर आज तीन तास गेले. दादाचं मोसंबीवर मन आहे. त्याच्या वरच्या रानात बोअरवर ११० झाडं आहेत आणि ती चांगली आहेत, हे मी नाकारत नाही. पण मोसंबी सदाहरित. मे महिन्यात, हवा सगळ्यात कोरडी असताना आणि विहिरीचा तळ दिसत असताना, तिच्या अंगावर पूर्ण पानं असतात. बहार धरायला आपण तिला ताण देतो, म्हणजे पाणी बंद ठेवतो, तो ठरवून, आणि वेळेवर पाणी देऊन तोडतो. ताण तोडायला पाणीच नसेल तर तो ताण राहत नाही, झाड फांदीच्या शेंड्याकडून वाळत येतं. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या किती बागा तोडून सरपण झाल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मी झाडाची जात निवडण्याआधी त्याच्या पानांचं वर्ष लिहून काढलं.

बोर: उन्हाळ्यात पानं गाळून झोपतं. पावसाबरोबर नवी फूट, त्या फुटीवरच फूल, हिवाळ्यात फळ. मेमध्ये मागणी जवळपास शून्य. त्यातही गोला ही जात लवकर येते, जमिनीतली ओल संपायच्या आत फळ पदरात.

सीताफळ: हेही पानगळीचं. पावसाच्या आधीच्या सरींना फुटतं.

आवळा: याचं मला फार कौतुक वाटतं. वसंतात फूल येतं, फळ धरतं, आणि मग ते बारीक फळ उन्हाळाभर तसंच निपचित राहतं. पाऊस आला की वाढायला लागतं. एवढं शिस्तीचं वेळापत्रक आपण आखूनही जमलं नसतं.

चिंच: बांधावर, बियांपासून. आठ-दहा वर्षांची गोष्ट, तेवढा धीर आहे.

ठरलं ते असं. वरचा एकर बोर, ८ बाय ८ मीटर, उथळ जागा सोडून ५८ ठिकाणं. खालचा एकर सीताफळ. त्यात दादाच्या आग्रहानं अर्धा एकर ४ बाय ४ आणि माझ्या मतानं अर्धा एकर ५ बाय ५. वाईट वर्षी बोराच्या वाट्याला जवळपास १८ हजार लिटर, माझ्या सीताफळाला ७ हजार, दादाच्या सीताफळाला साडेचार. हे आकडे मी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेत. विहिरीजवळ बारा आवळे.

९ मे २०२१

खड्डे चालू. पहाटे साडेपाच ते नऊ, पुढे उन्हात काम होत नाही. प्रत्येक खड्ड्याच्या खालच्या अंगाला चंद्रकोर बांध, टोकं चढाकडे. वरून वाहत आलेलं पाणी त्या कुशीत थांबावं, ही कल्पना. इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात मायकेल एव्हेनारी या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकाच्या अखेरीस अवदात आणि शिवता इथली प्राचीन शेतं पुन्हा उभी केली, ती शंभरेक मिलिमीटर पावसावर. तिथे एक वाटा शेताला वीस-तीस वाटे टेकडीचा उतार पाणी गोळा करून द्यायचा. आपल्याला तेवढी गरज नाही, पण रीत तीच.

बांधावर गावठी बोरीची सात जुनी झुडपं आहेत. काटेरी म्हणून दरवर्षी तोडली जातात, दरवर्षी फुटतात. आज ती बुडापासून फूटभर ठेवून छाटली. त्यांची मुळं केव्हाच खोल गेलेली आहेत. नायजर देशात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञानं १९८० च्या दशकात हेच दाखवून दिलं: रोपं लावून मरत होती आणि शेतात झुडपं म्हणून जे दिसत होतं ते तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे होते. फुटवे निवडून राखले आणि लाखो हेक्टरवर झाडं परत आली. आमच्या बांधावर सातच आहेत, पण या सातांवर गोलाचे डोळे भरणार, म्हणजे गोलाच्या फांदीवरची कळी यांच्या सालीत बसवून कलम करणार.

२७ जून २०२१

६८ मिलिमीटर झाले, जमीन हातभर ओली. बोराच्या बिया मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढल्या, उरलेल्यांचं कवच अलगद फोडलं (काम वेळखाऊ आहे, वहिनीनं आणि मी दोन संध्याकाळी बसून केलं). प्रत्येक खड्ड्यात तीन बिया. दादाला हे पटत नाही, "रोपं तयार मिळतात, बी कशाला?" म्हणतो. माझं म्हणणं, सोटमूळ पहिल्या दिवसापासून जागेवरच खाली जाऊ दे.

सीताफळाची मात्र कलमं आणली, २०५. इथे मीच घाई केली.

१८ जुलै २०२१

छाटलेल्या सात बोरींना हातभर लांब, पेन्सिलीएवढ्या जाड फुटी. सगळ्यांवर डोळे भरले. बोराचे कोंब सगळीकडे वर आलेत.

१२ सप्टेंबर २०२१

रात्रीत ९४ मिलिमीटर. सकाळी जाऊन पाहिलं तर मधल्या पट्ट्यातल्या एका ओळीत सहा चंद्रकोरी फुटलेल्या. वरची एक फुटली, तिचं पाणी खालचीवर पडलं, ती फुटली, आणि असं खालपर्यंत. चूक सरळ आहे. जादा पाणी बाहेर पडायला वाट ठेवली नव्हती. बांध उंच केला की काम भागलं असं वाटलं होतं. आता प्रत्येक चंद्रकोरीचं एक टोक वीतभर खाली घेऊन दगड बसवतोय, आणि ही टोकं एका ओळीत डावीकडे तर दुसऱ्या ओळीत उजवीकडे, म्हणजे पाणी नागमोडी उतरेल.

१९ डिसेंबर २०२१

सीताफळाची कलमं वाळायला लागली. पाऊस संपून अडीच महिनेच झालेत, शेजारच्या खड्ड्यात कोपरभर खाली माती अजून हाताला थंड लागते, मग का? आज एक मेलेलं कलम मुळासकट उपटलं. उपटायला जोर लागलाच नाही, पिशवीतून निघावं तसं निघालं. मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली, तळाशी तर सुतळीच्या बिंड्यासारखी. सहा महिने ती त्या खड्ड्यात होती आणि पिशवीच्या रेषेबाहेर चार बोटंसुद्धा गेली नव्हती. ओल एक हात खाली होती आणि झाड तहानेनं मेलं.

त्याच्याच वरच्या ओळीत एक बोराचं रोप होतं, दोन उगवलेल्यांपैकी विरळणीला काढायचं. गुडघ्याएवढंही नाही. म्हटलं हेही पाहू. बाजूनं खणत गेले. अडीच फुटांवर मूळ मुरमात शिरलेलं, तिथं मी थांबले, मूळ पुढे चालूच होतं.

रोपवाटिकेला दोष देऊन उपयोग नाही, पिशवी फाडून मुळं पाहायची होती ती मी पाहिली नाहीत. जुनी, पिशवीत वर्ष-दोन वर्षं राहिलेली कलमं होती ती. यापुढे या रानात पिशवीतलं रोप येणार असेल तर आधी तळ कापून मुळं मोकळी दिसली पाहिजेत.

२० फेब्रुवारी २०२२

उरलेल्या कलमांसाठी मडकी पुरली. बिनझिलईची, सात-आठ लिटरची, गळ्यापर्यंत मातीत, वर झाकण. पाणी आपोआप पाझरतं, माती कोरडी पडेल तसं जास्त. पाच दिवसांतून एकदा भरायची. एका फेरीला साधारण दीड हजार लिटर लागतं. हे पाणी विहिरीतून. पहिले दोन उन्हाळे तेवढंच.

१५ मे २०२२

मोजणी. सीताफळाची २०५ पैकी ६१ गेली. बोराच्या ५८ ठिकाणांपैकी ५१ ठिकाणी रोप उभं आहे, आणि त्यांना एकदाही वरून पाणी दिलेलं नाही. आवळे बारापैकी दहा. बांधावरच्या सात बोरींची कलमं माझ्या डोक्याच्या वर गेलीत.

गवताच्या आच्छादनाखाली उधई (वाळवी) लागली. तीन रोपांची साल बुंध्याशी खाल्लेली. आच्छादन खोडापासून वीतभर लांब सरकवलं. गवत काढून टाकायचं नाही, त्याच्याखालची माती आणि उघडी माती यांत दुपारी हात ठेवून पाहिलं तर फरक सांगायची गरजच पडत नाही.

२४ जुलै २०२२

बोराच्या रोपांवर डोळे भरायला सुरुवात. मेलेल्या सीताफळांच्या जागी या वेळी बियाच टोचल्या.

एक मडकं फुटलं होतं म्हणून बाहेर काढलं. त्याच्या भोवती बारीक पांढऱ्या मुळांची जाळी, अगदी लोकरीची टोपी घातल्यासारखी. सुंदर दिसत होतं, पण मला काळजी वाटली. मुळं पाण्याजवळ राहायला शिकली तर खाली कशाला जातील? पुढच्या उन्हाळ्यात पाच दिवसांऐवजी दहा दिवसांनी भरायची, आणि मडकी खोडापासून हातभर दूर हलवायची. तिसऱ्या उन्हाळ्यात बंद.

६ नोव्हेंबर २०२२

दादानं ठिबक बसवलं. मोसंबीला पूर्वी पाटानं जायचं त्याच्या जवळपास निम्म्यात भागायला लागलं. चांगली गोष्ट आहे. पण वाचलेल्या पाण्यावर त्यानं लगेच आणखी ऐंशी झाडं लावली. मी एवढंच म्हटलं, "दादा, बोअर तेवढंच आहे ना?" तो म्हणाला, "पाणी उरतंय तर पडू द्यायचं का?" यात तो एकटा नाही. ठिबकनं वाया जाणारं पाणी वाचतं. झाडाच्या पानातून जाणारं तेवढंच जातं, आणि झाडं वाढवली की उपसा होता तिथेच येतो.

कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. हंगामी पिकांची रानं पडीक टाकता आली. बदामाच्या बागा टाकता येईनात, म्हणून भूजल उपसून त्या जगवल्या. अखेर २०१४ मध्ये तिथे भूजलावर कायदा आला. झाडांमुळे पाणी वाचतं, असं मला कोणी सरसकट म्हटलं की मी विचारते, कोणती झाडं, आणि किती?

३ सप्टेंबर २०२३

ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, असं हवामान खात्यानं सांगितलं. आमच्या मापकात पूर्ण महिन्याचे ११ मिलिमीटर. ओळींमधला मूग फुलावर असतानाच पिवळा पडला, आता गुरांना.

आज खोदून पाहिलं. उघड्या जागी दीड फुटापर्यंत भुगा. बोराच्या चंद्रकोरीत वरची वीतभर कोरडी, त्याखाली माती मुठीत दाबली तर गोळा होतो. जुलैच्या दोन मोठ्या पावसांत वाहून जाणारं पाणी इथे थांबलं होतं, ते हे. बोराची पानं हिरवी, दुपारी थोडी मिटतात, सकाळी उघडतात.

सीताफळात फरक दिसतोय, आणि हे मला नीट लिहून ठेवायचंय. ५ बाय ५ मध्ये पानं ताठ आहेत. ४ बाय ४ मध्ये खालची पानं गळायला लागली, शेंड्याची वाढ थांबली. जगलेली कलमं एकाच दिवशी लावलेली, माती सारखी, मडकी दोन्हीकडे बंद. मधे फक्त एक मीटर कमी-जास्त.

फळाचं मात्र दोन्हीकडे सारखंच, म्हणजे नाहीच. जूनमध्ये बऱ्यापैकी फुलं आली होती. सीताफळाचं फूल आधी मादी होतं, नंतर नर, आणि परागण बारीक भुंगेऱ्यांकडून. हवा कोरडी असली की फूल सुकून गळतं. झाड दुष्काळात जगतं म्हणून ते दुष्काळात फळेलच असं मी धरून चालले होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या झाडांवर घर चालवायचं असेल तर जगण्याचा हिशेब एका रकान्यात आणि फळाचा दुसऱ्यात लिहायला हवा.

वर्षाचा पाऊस ३०५ पर्यंत जाईल असं दिसतंय.

२८ एप्रिल २०२४

दादाच्या बोअरला आता दिवसातून चाळीस मिनिटं पाणी येतं. नव्या ऐंशी झाडांचं पाणी त्यानं मार्चमध्येच बंद केलं, जुन्या ११० साठी. आज त्यातल्याही वरच्या दोन ओळी सोडल्या. संध्याकाळी तो माझ्या बोरांच्या रानात येऊन बसला. सगळी झाडं निष्पर्ण, छाटणी झालेली, नुसते खराटे. "ही मेली नाहीत कशावरून?" त्यानं विचारलं. मी नखानं एका फांदीची साल खरवडून दाखवली. आत हिरवं होतं. त्यानं स्वतः आणखी चार झाडांची खरवडून पाहिली. काही बोलला नाही. मीही बोलले नाही, त्याची चौदा वर्षांची झाडं होती ती.

२३ जून २०२४

चांगला पाऊस. बोरांना फूट. ५१ पैकी ५० जिवंत, जे गेलं ते उधईनं. आवळे दहाच्या दहा. सीताफळ, ५ बाय ५ मध्ये चार मेली. ४ बाय ४ मध्ये एकोणतीस.

१२ जानेवारी २०२५

गोलाची बोरं उतरवली. बांधावरच्या सात बुंध्यांवर सरासरी अकरा किलो, रानातल्या रोपांवर चार ते सहा. सातांपैकी एकाची फांदी वजनानं मोडली. पुढच्या छाटणीत आखूड ठेवायची.

वहिनीनं बांधावरच्या चिंचा मोजल्या, नऊ आहेत, सगळ्यात मोठी तिच्या खांद्याला लागते.

२ मार्च २०२५

४ बाय ४ चा निकाल आज लावला. एकोणतीस गेल्यानंतर उरलेली झाडं गेल्या पावसात जोमानं वाढली आणि आता चांगली दिसतात. म्हणूनच हे काम लांबणीवर पडत होतं. पण चांगल्या वर्षी चांगली दिसणारी झाडंच पुढच्या २८० मिलिमीटरला एकमेकांचं पाणी ओढणार. मेलेली झाडं एकाच बाजूला आहेत, दुसऱ्या बाजूची गर्दी तशीच आहे. चुन्यानं खुणा करायला दादा आला. त्याच्याच हट्टानं लावलेली ओळ होती, खुणा त्यानंच केल्या, एक सोडून एक. मी दोनदा म्हटलं की हे एक राहू दे, चांगलं आहे. तो म्हणाला, "तूच भिंतीवर लिहिलंय ना साडेचार हजार?" आणि चुना लावून पुढे गेला.

चौतीस जिवंत झाडं कापली. हात चालत नव्हता.

फांद्या तुकडे करून उरलेल्या झाडांच्या आळ्यात पसरल्या, खोडापासून वीतभर सोडून. सीताफळ बुडातून पुन्हा फुटतं, त्यामुळे पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी फुटवे काढायला फिरावं लागेल. चौतीस बुंध्यांजवळ खुंट्या रोवल्या आहेत, जूनमध्ये गवतात सापडायला हव्यात.